मधमाशीजन्य पूरक आहार : सुरक्षितता, लेबल आणि कायद्याची चौकट

सारांश

रॉयल जेली, परागकण आणि प्रोपोलिस यांपासून बनविलेल्या कॅप्सूल, गोळ्या व चूर्णे ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जातात. नैसर्गिक असणे आणि निरुपद्रवी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात या पदार्थांपासून संभवणारे धोके, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, युरोपीय संघ व अमेरिका येथील नियमनाच्या पद्धती आणि भारतीय कायद्याची चौकट यांचा तौलनिक परामर्श घेतला आहे. भारतीय व्यवस्थेने पदार्थाच्या शुद्धतेकडे जेवढे लक्ष दिले आहे तेवढे तो खाणाऱ्या व्यक्तीच्या प्रकृतिभेदाकडे दिलेले नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मधमाशीजन्य पदार्थ, पूरक आहार, ॲलर्जी, लेबल, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६.

१. प्रस्तावना

मध हा भारतीय घराला परका नाही. बाळगुटीपासून च्यवनप्राशापर्यंत त्याचा वावर आहे. सुश्रुतसंहितेने मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत, तर चरकसंहितेने चार. उष्ण केलेला मध अपायकारक ठरतो, असा इशाराही चरकाने दिलेला आहे. म्हणजे मधाच्या गुणांबरोबर त्याच्या सेवनाच्या मर्यादाही आपल्या परंपरेने नोंदविल्या होत्या. गुण आणि मर्यादा एकत्र सांगण्याची ही शिस्त आजच्या बाजारात मात्र विरळ झाली आहे.

गेल्या काही वर्षांत मधाच्या जोडीला मधमाशीच्या पोळ्यातील इतर पदार्थही बाजारात आले. ‘शक्तिवर्धक’, ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’, ‘तारुण्य टिकविणारे’ अशी विशेषणे लावून ते औषधांच्या दुकानांत आणि आंतरजालावरील विक्री-संकेतस्थळांवर विकले जातात. आहारशास्त्राच्या एका तासिकेत विद्यार्थ्यांना घरातील पूरक आहाराची रिकामी वेष्टने आणावयास सांगितली होती. त्यांत परागकणांची एक बाटली होती. ती आणणाऱ्या विद्यार्थिनीला लहानपणापासून दमा आहे. बाटलीवर गुणांची यादी ठळक होती. दमेकऱ्यांविषयी एक शब्दही नव्हता. ‘‘हे मी घेऊ का?’’ हा तिचा प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर लेबलावर असावयास हवे होते, ते शिक्षकाला द्यावे लागले. प्रस्तुत लेखाचे निमित्त हा प्रश्न आहे.

२. पदार्थांचे स्वरूप

नियमनाचा विचार करण्यापूर्वी हे पदार्थ नेमके काय आहेत, हे पाहणे आवश्यक आहे. कारण ‘मधमाशीजन्य’ या एका शब्दाखाली अत्यंत भिन्न प्रकृतीचे पदार्थ एकत्र येतात.

रॉयल जेली हा कामकरी माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींमधून स्रवणारा पांढरट, आंबट पदार्थ होय. सर्व अळ्यांना तो आरंभीचे सुमारे तीन दिवस मिळतो; राणीमाशीला मात्र तो आयुष्यभर मिळतो. यावरूनच त्याच्याभोवती दीर्घायुष्याची कल्पना निर्माण झाली. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणी असतो. उरलेल्या भागात प्रथिने, शर्करा आणि १०-एचडीए या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक विशिष्ट मेदाम्ल असते.

परागकण हे फुलांतील पुंबीजयुक्त कण. माशी ते मकरंदात व लाळेत मळून मागील पायांवरील पिशवीसारख्या भागात वाहून आणते. पोळ्याच्या प्रवेशद्वारावर जाळी लावून ते गोळा केले जातात. कोणत्या वनस्पतीचा पराग आहे, यावर त्यांचे घटक अवलंबून असतात. त्यामुळे परागाचे कोणतेही दोन डबे सारखे असतीलच असे नाही.

प्रोपोलिस म्हणजे झाडांच्या कळ्यांवरील व सालींवरील राळ मेणात मिसळून माश्यांनी तयार केलेला चिकट पदार्थ. पोळ्यातील फटी बुजविण्यासाठी त्या तो वापरतात. आपल्याकडील सातेरी माश्या तो सहसा गोळा करीत नाहीत. बाजारातील प्रोपोलिस प्रामुख्याने मेलिफेरा माश्यांच्या पेट्यांतून येते.

थोडक्यात, पहिला पदार्थ प्राणिज स्राव, दुसरा वनस्पतिज कण आणि तिसरा राळ आहे. तिघांसाठी एकच मानक अथवा एकच इशारा पुरेसा ठरणार नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३. सुरक्षिततेचे तीन प्रश्न

(अ) ॲलर्जी : हा सर्वांत गंभीर प्रश्न होय. रॉयल जेलीतील काही प्रथिनांमुळे संवेदनशील व्यक्तींमध्ये दम्याचा तीव्र झटका अथवा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे संपूर्ण शरीराला ग्रासणारी प्राणघातक प्रतिक्रिया, उद्भवू शकते. ऑस्ट्रेलियात ११ वर्षांच्या एका मुलीचा रॉयल जेलीच्या सेवनानंतर दम्याने मृत्यू झाला. १९९४ मध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’ या नियतकालिकात या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली. परागकणांच्या बाबतीत धोका वनस्पतीच्या कुळाशी निगडित आहे. गाजर गवत हे सूर्यफुलाच्या कुळातील. या कुळातील परागाची ॲलर्जी असणाऱ्या व्यक्तीने त्याच कुळातील पराग चमचाभर खाल्ला, तर काय होईल याची कल्पना करता येते. प्रोपोलिसमधील काही घटक त्वचेच्या व तोंडाच्या आतील आवरणाच्या ॲलर्जीस कारणीभूत ठरतात.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. ॲलर्जी ही पदार्थातील दोषामुळे होत नाही. अस्सल, अत्युत्तम प्रतीची रॉयल जेली ही संवेदनशील व्यक्तीसाठी भेसळयुक्त रॉयल जेलीपेक्षा अधिक घातक ठरू शकते. म्हणून शुद्धतेची हमी ही सुरक्षिततेची हमी नव्हे.

(आ) दूषिते : माशी जेथे जाते तेथील पर्यावरण घेऊन परतते. कीटकनाशकांचे अंश, शिसे यांसारखे जड धातू आणि माश्यांच्या रोगांवर वापरलेली प्रतिजैविके पोळ्यातील पदार्थांत उतरतात. २०१० मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबविली होती, त्यामागे प्रतिजैविके व जड धातू यांच्या अंशांवरील नियंत्रण अपुरे असल्याचे कारण होते. परागात याखेरीज काही वनस्पतींमधील पायरोलिझिडिन अल्कलॉइड ही यकृताला अपायकारक विषारी द्रव्ये येऊ शकतात. युरोपीय संघाने परागयुक्त पूरक आहारासाठी त्यांची कमाल मर्यादा दर किलोस ५०० मायक्रोग्रॅम अशी निश्चित केली असून ती २०२२ पासून लागू आहे.

(इ) भेसळ : भेसळ दोन प्रकारची असते. एक स्वस्त पदार्थ मिसळण्याची. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात १३ नाममुद्रांच्या मधाची चाचणी केली. त्यांतील बहुसंख्य नाममुद्रांचे नमुने चुंबकीय अनुस्पंदनाच्या चाचणीत अनुत्तीर्ण झाल्याचे संस्थेने सांगितले. संबंधित उत्पादकांनी ते निष्कर्ष नाकारले. दुसरी भेसळ अधिक भयावह आहे, ती म्हणजे ‘नैसर्गिक’ पदार्थात गुपचूप औषध मिसळण्याची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये वजन घटविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही पराग-कॅप्सूलविषयी जाहीर इशारा दिला. त्यांत सिब्युट्रामिन हे औषध आढळले होते. हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते औषध तेथील बाजारातून २०१० मध्येच काढून घेण्यात आले होते. पराग म्हणून घेतलेली कॅप्सूल प्रत्यक्षात बंदी घातलेले औषध निघावी, यापेक्षा लेबलाचा मोठा विश्वासघात कोणता?

४. नियमनाच्या तीन पद्धती

(अ) इशाऱ्याची पद्धत : ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या समान अन्न-मानक संहितेने धोक्याच्या प्रमाणात इशारा ही भूमिका घेतली आहे. रॉयल जेली असलेल्या पदार्थावर कायद्याने ठरवून दिलेल्या शब्दांतच इशारा छापावा लागतो. त्याचा आशय असा, की या पदार्थातील रॉयल जेलीमुळे तीव्र ॲलर्जी आणि क्वचित मृत्यू ओढवल्याची नोंद असून दमा व ॲलर्जीच्या रुग्णांना हा धोका विशेष आहे. ‘मृत्यू’ हा शब्द उत्पादकाला गाळता येत नाही. अक्षरांची उंची सर्वसाधारण वेष्टनावर किमान ३ मिलीमीटर असावी, असेही बंधन आहे. पराग व प्रोपोलिस यांच्यासाठी मात्र तीव्र ॲलर्जी संभवते असे सांगणारी सूचना पुरेशी मानली आहे. तिचे शब्द उत्पादकाने योजावयाचे असतात. एकाच पोळ्यातील पदार्थांमध्ये केलेला हा तरतमभाव अनुकरणीय आहे.

(आ) दाव्यांच्या तपासणीची पद्धत : युरोपीय संघाने मुख्यतः दाव्यांवर लक्ष केंद्रित केले. २००६ च्या विनियमानुसार खाद्यपदार्थाच्या आरोग्यविषयक दाव्यास शास्त्रीय पुराव्याच्या आधारे पूर्वमान्यता लागते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० च्या सुमारास प्रोपोलिस व रॉयल जेली यांच्याविषयीचे अनेक दावे तपासले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचा अभिप्राय दिला. परिणामी २०१२ च्या अनुमत दाव्यांच्या यादीत हे पदार्थ आले नाहीत. पदार्थ विकण्यास मनाई नाही. सिद्ध न झालेले गुण सांगून विकण्यास मनाई आहे.

(इ) पश्चात् नियंत्रणाची पद्धत : अमेरिकेत १९९४ च्या पूरक आहार कायद्यानुसार विक्रीपूर्वी परवानगीची गरज नसते. उत्पादकाने शरीराच्या कार्याविषयी दावा करताना, हे विधान शासनाने तपासलेले नाही आणि हे उत्पादन कोणत्याही रोगावर उपचारासाठी नाही, अशी टीप छापावयाची असते. धोका सिद्ध करण्याचा भार शासनावर येतो. वर उल्लेखिलेले सिब्युट्रामिनचे प्रकरण या पद्धतीची मर्यादा दाखविते, कारण कॅप्सूल ग्राहकाच्या पोटात गेल्यानंतरच शासनाचा इशारा आला.

५. भारतीय चौकट

भारतात १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ या व्यापक कायद्याने घेतली. त्याच्या कलम २२ मध्ये पूरक आहार, न्यूट्रास्युटिकल इत्यादींची व्याख्या असून असे पदार्थ म्हणजे औषध नव्हे, हे स्पष्ट केले आहे. कलम २४ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंध करते, तर कलम ५३ अन्वये अशा जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पूरक आहारासाठीचे स्वतंत्र विनियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत पुढे वेळोवेळी बदल होत आले. या विनियमांनी लेबलावर ‘पूरक आहार’ ही ओळख, ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना, शिफारस केलेले प्रमाण व ते न ओलांडण्याचा इशारा या बाबी बंधनकारक केल्या. २०१८ मध्ये मधाच्या मानकांत मोठी सुधारणा झाली. त्याच वेळी मेण आणि रॉयल जेली यांचीही मानके प्रथम निश्चित करण्यात आली. पराग व प्रोपोलिस यांना त्या दुरुस्तीत स्थान नव्हते. जाहिरात व दावे यांविषयीचे विनियमही २०१८ चे असून खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करण्यास ते मज्जाव करतात.

यापुढची गुंतागुंत वर्गीकरणाची आहे. मधमाशीजन्य एखादे उत्पादन सामान्य अन्न म्हणून, पूरक आहार म्हणून किंवा, आयुर्वेदाच्या अधिकृत ग्रंथांतील योगानुसार बनविले असल्यास, १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली आयुर्वेदिक औषध म्हणून बाजारात येऊ शकते. २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ हा आणखी एक वर्ग विनियमांनी निर्माण केला. म्हणजे पदार्थ तोच असला, तरी परवान्याचा मार्ग बदलला की लेबलाची भाषा व दाव्यांची मर्यादा बदलते. ग्राहकाच्या दृष्टीने दुकानातील फळीवर या सर्व बाटल्या शेजारीच असतात.

६. विद्यमान व्यवस्थेतील उणिवा

पहिली उणीव ॲलर्जीविषयक आहे. २०२० च्या लेबल व प्रदर्शन विनियमांनी ॲलर्जीकारक घटकांची यादी दिली असून तीत ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, भुईमूग व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा समावेश आहे. मधमाशीजन्य पदार्थ या यादीत नाहीत. पूरक आहारावर सर्वसाधारण इशारे देण्याची तरतूद असली, तरी रॉयल जेली आणि दमा यांचा संबंध नेमक्या शब्दांत सांगण्याचे दायित्व यादीमुळे उत्पादकावर येत नाही. परिणामी इशारा द्यावा की न द्यावा आणि कोणत्या शब्दांत द्यावा, हे बहुतांशी त्याच्या विवेकावर राहते.

दुसरी उणीव मानकांच्या स्वरूपात आहे. रॉयल जेलीच्या मानकात १०-एचडीएचे किमान प्रमाण पाहिले जाते. हे मापन पदार्थ अस्सल आहे की नाही ते सांगते. तो कोणासाठी धोक्याचा आहे, हे ते सांगू शकत नाही. आपल्या चर्चेत भेसळीचा प्रश्न एवढा व्यापून राहिला आहे, की शुद्ध पदार्थाचाही अपाय होतो ही गोष्ट मागे पडली आहे.

तिसरी उणीव भाषेची आहे. विद्यमान तरतुदींनुसार लेबलावरील अनिवार्य मजकूर इंग्रजीत अथवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा लागतो. अन्य भाषा त्याच्या जोडीला वापरता येते, पण तिची सक्ती नाही. इशारा ही वाचून समजून घेण्याची गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी नातवासाठी कॅप्सूल विकत घेणाऱ्या आजोबांना बारीक टाइपातील इंग्रजी इशारा वाचता येत नसेल, तर कायद्याचे पालन होऊनही कायद्याचा हेतू विफल होतो.

चौथी उणीव अपायांच्या नोंदीची आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१० पासून आहे. परंतु दम्याचा झटका येऊन रुग्णालयात आलेली व्यक्ती ‘मी पराग खाल्ला होता’ असे सांगतेच असे नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नसते, ‘नैसर्गिक टॉनिक’ असते. डॉक्टरही नेहमी विचारतात असे नाही. जे नोंदले जात नाही ते आकडेवारीत येत नाही आणि आकडेवारीत नसलेल्या धोक्यासाठी नियम होत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

७. एक आक्षेप आणि त्याचा विचार

कठोर इशाऱ्यांमुळे मधुमक्षिकापालन करणाऱ्या लहान उत्पादकांचे नुकसान होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षणीय नाही. महाराष्ट्राला या व्यवसायाची मोठी परंपरा आहे. केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात कार्यरत आहे आणि महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. मधाबरोबर पराग व प्रोपोलिस विकता आले, तर या कुटुंबांचे उत्पन्न वाढेल. शिवाय सामान्य मध बहुतेक निरोगी प्रौढांना बाधत नाही. त्यावर भयावह इशारा छापणे अतिरेकी ठरेल. अर्थात एक वर्षाखालील बालकांना मध देऊ नये, हा वैद्यकीय सल्ला त्यालाही लागू आहे, कारण मधात क्वचित आढळणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू अर्भकाच्या आतड्यात विष निर्माण करू शकतात. बाळगुटीत मध चाटविणाऱ्या घरांना हे सांगणे अगत्याचे आहे.

तथापि इशारा म्हणजे बंदी नव्हे. भुईमुगाचे नाव ॲलर्जीकारकांच्या यादीत आल्याने शेंगदाण्याची चिक्की बाजारातून गेली नाही. इशाऱ्यामुळे संवेदनशील असा अल्पसंख्य ग्राहक दूर राहतो आणि उरलेला ग्राहक अधिक विश्वासाने खरेदी करतो. याउलट इशाऱ्याअभावी घडलेली एखादी दुर्घटना संपूर्ण व्यवसायालाच संशयाच्या भोवऱ्यात लोटते. प्रामाणिक उत्पादकाचे हितही स्पष्ट लेबलातच आहे.

८. उपाययोजना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

(१) रॉयल जेली असलेल्या प्रत्येक उत्पादनावर दमा व ॲलर्जीच्या रुग्णांसाठी कायद्याने ठरविलेल्या शब्दांतील, निश्चित आकाराचा इशारा बंधनकारक करावा. पराग व प्रोपोलिस यांच्यासाठी सौम्य परंतु स्पष्ट सूचना असावी.
(२) परागाच्या वेष्टनावर प्रमुख वनस्पतिस्रोत व संकलनाचा प्रदेश नमूद करावा.
(३) पराग व प्रोपोलिस यांची दूषितांच्या कमाल मर्यादांसह स्वतंत्र मानके असावीत.
(४) परवाना कोणत्याही वर्गातील असो, सुरक्षिततेचा इशारा समान असावा.
(५) ज्या राज्यात विक्री होते तेथील भाषेत निदान इशारा तरी छापावा. आंतरजालावरील विक्रीत तो खरेदीपूर्वी दिसला पाहिजे.
(६) पूरक आहाराच्या अपायांची नोंद डॉक्टर, औषधविक्रेते आणि ग्राहक यांना सुलभपणे करता यावी.

९. समारोप

नियमनाचा प्रश्न केवळ शासनाचा नाही. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, गृहविज्ञान, विधी आणि मराठी भाषा हे सर्व विषय या एका लेबलावर एकत्र येतात. लेबलवाचन हा पदवीस्तरावरील छोटा प्रकल्प होऊ शकतो. कोणता दावा केला आहे, त्याला आधार काय, इशारा आहे काय, तो कोणत्या भाषेत व किती मोठ्या अक्षरांत आहे, एवढे चार प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. प्रयोगशाळेवाचूनही हे अध्यापन शक्य आहे.

त्या विद्यार्थिनीला ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस’ असे सांगितले. ते उत्तर योग्य होते, परंतु ती वर्गात होती म्हणून तिला ते मिळाले. तीच बाटली विकत घेणाऱ्या इतर दमेकऱ्यांच्या घरी शिक्षक नसतो. असते ते केवळ लेबल. त्यामुळे त्या लेबलाने नेमक्या वेळी, समजेल अशा भाषेत खरे बोलावे, एवढी व्यवस्था करणे हे कायद्याचे किमान कर्तव्य होय.